आईला गाडी लागते

मंगळवारी संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास मी आईला घशात दोन बोटं घालताना पाहिलं. मोरीच्या पत्र्याच्या दाराला वरच्या बिजागरीपाशी फट आहे आणि मी बाहेरच्या पिंपातून पाणी घ्यायला गेले होते. मुद्दाम पाहायला गेले नव्हते, एवढं आधी लिहून ठेवते. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. डाव्या हाताने तिने पदर छातीशी आवळून धरला होता. बोटं आत गेली, खांदे एकदा वर उचलले गेले आणि जे बाहेर पडलं ते दुपारचं होतं, तांदळाची भाकरी आणि वालाची आमटी, अजून ओळखू येईल असं. मग तिने तांब्याने पाणी ओतलं, बोटं राखेने घासली, डोळे पुसले आणि सगळं उरकल्यावर, अगदी शांतपणे, ओकारीचा एक मोठा आवाज काढला. तो ओटीपर्यंत जायला हवा होता आणि गेला. ओटीवरून बाबा म्हणाले, "बघा. नुसता गाडीचा नाव काढला तर हिला उमळून आला."

ओटीवर त्या वेळी आदेशदादा कागद घेऊन बसला होता. तो ठाण्याला एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात आहे, आणि तिथल्या कुणी आपल्या आईवडिलांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस केक कापून साजरा केला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे होतं. आमच्या घरात कुणाचा साधा वाढदिवससुद्धा कधी झालेला नाही. आईबाबांच्या लग्नाची तारीख दोघांनाही ठाऊक नव्हती. ती दादाने हंड्यावर शोधली. आहेरात आलेल्या तांब्याच्या हंड्याच्या गळ्यापाशी टिंबाटिंबांनी नावं कोरली होती, चि. देवराम, चि. सौ. कां. गिरजा, आणि खाली २१-२-७९. पंचवीस वर्षं चिंचेने घासून नऊचा आकडा जवळजवळ गेला होता, मी भिंग लावून तो वाचला. त्या वेळी मला त्या कामात मजा वाटली होती, हेही खरं आहे. यंदा एकवीस तारखेला शनिवार येत होता. दादाने तीन दिवसांचा प्रवास आखला: शनिवारी सकाळी घरातून निघून आधी तानसाचं जंगल, मग शहापूर, किन्हवली, सरळगाव करत वैशाखऱ्यावरून माळशेज, तिथे मुक्काम, रविवारी नाणेघाट आणि भीमाशंकर, शेकरू दिसलं तर शेकरू, सोमवारी खोपोलीकडून उतरून बोरिवलीचं उद्यान, पिंजऱ्याच्या गाडीतून सिंह. कागदाच्या डोक्यावर त्याने लिहिलं होतं, तीन नॅशनल पार्क. मी म्हटलं, राष्ट्रीय उद्यान यातलं एकच, बाकीची दोन अभयारण्यं. तो म्हणाला, जनावरांना सांगून ये. खर्डीच्या नथूची सुमो ठरली होती. वैशाखरे आईचं माहेर, तेही वाटेत लागणार होतं. आणि घाटमाथ्यावर दोन खोल्या: एकीत दादा, मी आणि आत्या, दुसरीत आईबाबा. "त्यांची डबल बेडची आहे," दादा म्हणाला. "खिडकीतून थेट दरी." त्यानंतर दोन-तीन मिनिटांनी आई उठून मोरीकडे गेली.

मी शहापूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. जीवशास्त्राची पदवी घेऊन आठ महिने झाले. सकाळी नऊपासून माझ्यासमोर रांगेने डब्या येतात: शौच, लघवी, थुंकी, कधी गळवातला पू. पहिल्या आठवड्यात मला दुपारचा डबा खाता येत नव्हता, दुसऱ्या आठवड्यात येऊ लागला. किळस ही शिकलेली गोष्ट आहे आणि शिकलेलं विसरता येतं, असं मी तेव्हा ठरवून टाकलं. वास म्हणजे काही रेणू नाकाच्या वरच्या भागात जाऊन चिकटतात, एवढंच. त्या रात्री मात्र पानात वालाची आमटी आली आणि माझा घास तोंडातच फुगला. आमटीची नव्हती ती किळस. आईच्या त्या आवाजाची होती, सगळं संपल्यावर काढलेल्या. खोट्या आवाजाला इतका सराव कसा, हा प्रश्न मी गिळला आणि घासही गिळला.

आईला गाडी लागते, हे आमच्या घरात नाकासारखं होतं. आहे म्हणून आहे. तिच्यासाठी लिंबू, आवळासुपारी, बसायच्या जागेखाली घडी करून ठेवायचं वर्तमानपत्र, पोटाला बांधायचं दुसरं वर्तमानपत्र, सगळे उपाय झाले होते आणि सगळे फसले होते. म्हणून ती शिर्डीला आली नव्हती, काकाच्या मुलीच्या लग्नाला नाशिकला आली नव्हती, मी सातवीत असताना बाबांच्या कारखान्याची सहल अलिबागला गेली तेव्हा खर्डीच्या स्टॅण्डवरून परत फिरली होती. मी आत्याला विचारलं. बारकीआत्या बाबांची धाकटी बहीण, आमच्या शेजारच्या घरात राहते आणि गेल्या चाळीस वर्षांत कोण कुठे काय म्हणालं ते तिला पाठ आहे. मी वही काढून बसले तेव्हा ती हसली. "वकारीचा पण पेपर असतो का गो तुमच्या कॉलेजात? लिही मंग. पयली वकारी लग्नाच्या ट्रकात. वैशाखऱ्यावरनं वरात निघाली ना, सरळगाव यायच्या आत नवरी भडाभडा. माझा नवा परकर गेला." मी रकाने पाडले: साल, वाहन, रस्ता, बसायची जागा, पोट भरलेलं की रिकामं, सोबत कोण. मला वाटत होतं की मी काहीतरी न्याय करते आहे. कारण उलट्या बाकावर बसवलेली, पहाटे तीनला उठून सगळ्यांच्या भाकऱ्या थापून स्वतः उपाशी निघालेली बाई ओकणारच. कानातल्या द्रवाला एक कळतं, डोळ्यांना दुसरं दिसतं. पुढच्या सीटवर बसवलं, दोन घास खाऊ घातले, अर्धा तास आधी गोळी दिली की आईला माळशेजसुद्धा सोपं जाईल, आणि मोरीतली ती दोन बोटं म्हणजे येऊ घातलेली ओकारी आधीच काढून टाकायची तिची भाबडी रीत असेल, इथपर्यंत मी स्वतःला आणलं होतं.

पण वही तसं म्हणेना. मामा वारला तेव्हा आई उघड्या टेम्पोत, पोत्यांवर बसून, उपाशी, रडत वैशाखऱ्यापर्यंत गेली होती: ओकारी नाही. माझ्या प्रवेशाला कल्याणला दोन गाड्या बदलून, मागच्या चाकावरच्या सीटवर: नाही. महिला मंडळाबरोबर टिटवाळ्याला, वडापच्या जीपमध्ये सतरा बायका: नाही, उलट गाणी म्हटली. आत्याने एकोणीस प्रवास आठवले. बारांत ओकारी, सातांत नाही. मी रस्त्याप्रमाणे लावून पाहिलं, ऋतूप्रमाणे, वाहनाप्रमाणे, काही जमेना. शेवटचा रकाना मी भरून घेतला होता पण पाहिला नव्हता. बाराच्या बारा प्रवासांत सोबत बाबा होते. सातांपैकी एकातही नव्हते. इतकी स्वच्छ विभागणी मी प्रयोगशाळेत कधी पाहिली नाही. मला ती वही बंद करावीशी वाटली, आणि त्याच वेळी मी खाली एक रेघ मारून १२/१२ असं लिहिलं, कारण हाताला तशी सवय आहे. मला माझा हात आवडला नाही.

बाबा वाशिंदच्या पुढे एका कारखान्यात आहेत. तिथे हाडं येतात, ट्रकने. ती आम्लात मुरवतात, चुन्याच्या हौदात आठवडेच्या आठवडे ठेवतात, मग उकळून सरस, म्हणजे जिलेटिन, काढतात. लग्नाच्या दोन वर्षं आधीपासून बाबा चुन्याच्या हौदांवर आहेत. तो वास सडक्या मांसाचा नाही, लोकांना वाटतं तसा. ओल्या शिंगाचा, थोडा गोडसर, घशाच्या मागे जाऊन बसणारा असा तो आहे. बाबा घरी आले की आधी मागच्या अंगणात दगडावर बसून आंघोळ करतात, कपडे जांभळीच्या बाजूच्या वेगळ्या दोरीवर टाकतात. आमच्या घरात त्या वासाचं नाव कुणी घेत नाही. पण माझा शाळेचा गणवेश आई खताच्या रिकाम्या, धुतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायची, आणि का ठेवायची ते मी विचारलं नव्हतं, म्हणजे मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवांच्या प्रात्यक्षिकात सरांनी जिलेटिनची बाटली हातात दिली. पिवळसर, कोरडी, बिनवासाची भुकटी. मी सगळ्यांची नजर चुकवून चिमूटभर जिभेवर ठेवली. काही लागलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं, की हे एवढं निर्मळ होऊन बाहेर पडतं त्यासाठी बाकीचं सगळं बाबांच्या अंगात राहत असणार. त्या पगारावर मी शिकले. हे वाक्य लिहिताना कृतज्ञता यायला हवी. मला नाकपुड्यांच्या कडेला एक ताण जाणवतो फक्त.

रविवारी मी आईबरोबर वालाच्या शेंगा तोडायला शेतावर गेले. भात निघाल्यावर त्याच ओलीवर टाकलेला वाल आता वाळत आला होता, आणि शेतात आम्ही दोघीच होतो. मी तिला वही दाखवली नाही. एवढंच म्हटलं, की मी मंगळवारी मोरीत तुला पाहिलं. तिचा हात थांबला नाही. पाच-सहा शेंगा पडल्यावर म्हणाली, "गाडी नाय लागत मला."

तिने टोपली पुढे सरकवली.

"ट्रकात तुज्या बापाच्या मांडीला मांडी लावून बसवला मला. तवा माहीत नव्हता कसला वास. मला वाटला, काय मेलाय जवळपास. मंग कळला, नवऱ्याचाच हाय." ती हसली, आणि ते हसू मला त्या ओकारीपेक्षा जड गेलं. पहिली चार-पाच वर्षं आपसूक यायची, ती म्हणाली. गाडीत यायची, कारण घरात दार उघडून बाहेर जाता येतं, गाडीत येत नाही. लोक म्हणाले, गाडी लागते. ती हो म्हणाली. मग वासाची सवय होत गेली.

"सवय झाली म्हणून तर बोटा घालायला लागली," ती म्हणाली. "आपसूक येयाची बंद झाली तशी मला भीती वाटली."

मी विचारलं, बाबा तुला कधी काही बोलले, मारलं, काही केलं? ती माझ्याकडे असं पाहू लागली की मी अगदी अडाणी प्रश्न विचारला आहे. "नाय गो. चांगला माणूस हाय. वाईट असता तर बरा झाला असता, लोकांना सांगता आला असता. तू झाल्यापासून मी चुलीपाशी निजते, एका शब्दाने नाय बोलला कधी. तुमी गेलात की तीन दिस घर माझा असता. अंगणात झोपते. तुज्या दादानी ती खोली घेतलीय ना. एकच पलंग, दार बंद, खाली दरी." तिने शेंग सोलली, दाणा किडका निघाला, तो तिने नखाने बाजूला केला. "मी नाय जायाची त्या खोलीत. काय पण सांग तुज्या दादाला. तू शिकलेली हाईस, तुजा ऐकतील."

मी म्हटलं, बाबा हल्ली इतके घासून आंघोळ करतात, आणि आठ दिवस कारखान्यात गेले नाहीत तर वास राहणारही नाही. ती म्हणाली, "नसला तरी मला येतो." पुस्तकात हे आहे. एकदा ओकायला लावणाऱ्या पदार्थाची नुसती खूण दिसली तरी प्राणी पुढे जन्मभर तोंड फिरवतो. उंदरांवर असे प्रयोग झाले आहेत आणि मी त्यावर दहापैकी नऊ गुण मिळवले आहेत. उंदरांना त्या पदार्थाशी पंचवीस वर्षं संसार करायला लावला होता का, हे पुस्तकात नव्हतं. घरी परतताना तिच्या डोक्यावर टोपली होती आणि मी तिच्यामागून चालत होते. मला तिची कीव यायला हवी होती. मला किळस येत होती, आणि कुणाची ते ठरवता येत नव्हतं: दार बंद झालेल्या खोलीची, जिथून मी आणि दादा आलो, बाबांच्या त्या सोशीकपणाची, की स्वतःची, कारण आता मला तिच्या सांगण्यात कुठे विसंगती आहे का तेच तपासावंसं वाटत होतं.

मंगळवारपासून बाबा रजेवर होते. प्रवास शनिवारी आणि रजा मंगळवारपासून, म्हणून दादा त्यांच्यावर चिडला, रजा फुकट कशाला घालवायची. बाबा म्हणाले, शेताची कामं आहेत. शेतात त्यांनी काही केलं नाही. रोज दोनदा मागच्या दगडावर बसून रिठ्याने, मग लिंबाच्या सालीने अंग घासत राहिले. काखा, कोपर, नखांच्या कडा. गुरुवारी सकाळी मी लॅबला निघाले तेव्हा त्यांनी मला जांभळीपाशी बोलावलं. उघड्या अंगाने उभे होते, घासून लाल झालेले. म्हणाले, "तू लॅबवाली. तुला बरोबर कळल. खरा सांग, येतो का गो?" काय ते त्यांनी म्हटलं नाही. पंचवीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं, आणि ते मला विचारलं. मी जवळ गेले. रिठा, लिंबू, ओला पंचा. त्याच्या खाली मी शोधलं, प्रामाणिकपणे शोधलं. काहीतरी होतं, पण ते त्यांच्या कातडीवर होतं की माझ्या घशामागे, ते ठरवायला माझ्याकडे दुसरं नाक नव्हतं. मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली. म्हणजे आईला काय सोसत नाही ते त्यांना माहीत होतं. किती वर्षं, कोण जाणे. आणि त्या दरीवरच्या खोलीसाठी ते चार दिवस आधीपासून तयारी करत होते. दिवसभर स्लाइडवर माझं लक्ष लागलं नाही. एका बाईच्या थुंकीत जंतू आहेत की नाहीत ते मी तीनदा मोजलं.

संध्याकाळी ओटीवर आई सोललेले वाल निवडत बसली होती. बाबा खाटेवर, दादा उंबऱ्यात. मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं निरीक्षण सांगितलं आणि ते चांगलं सांगितलं. म्हटलं, मी आमच्या डॉक्टरांना विचारलं आहे, आईच्या कानाच्या आतल्या भागात जन्मजात दोष आहे, घाटाच्या वळणांनी तो बळावतो, कायमची चक्करही लागू शकते, तिला नेऊ नये. कागदावर कानाची आकृती काढून दाखवली, शंखासारखी नळी, तीन अर्धवर्तुळं. दादा वैतागला. ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस त्यांतली बायकोच घरी, मग जायचं कशाला, लोक हसतील. मी म्हटलं, बाबा तर येतील ना, त्यांनी घाट कधी पाहिलाय. आईने मान वर केली नाही, पण तिचे हात भरभर चालू लागले होते.

बाबा आकृतीकडे बघत होते. म्हणाले, "असा हाय होय. जन्माचा दोष." त्यांच्या आवाजात काहीतरी सैल झालं, जुनी गाठ सुटावी तसं, मी त्यांना नकळत काय देऊन टाकलं ते मला तेव्हा समजलं. मग ते म्हणाले, "मंग मी पण ऱ्हातो घरी. तुमी पोरा जा. लग्न काय माझा एकट्याचा झालाय? मी बसतो हिच्याजवळ. रजा हायच."

आईचे हात थांबले. सुपातले वाल एका बाजूला कलंडले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. गळ्याची शीर एकदा हलली, गिळल्यावर हलते तशी. तीन दिवस, रिकामं घर, रिठ्याने धुतलेला नवरा, आणि आता गाडीसुद्धा नाही जिचं नाव सांगता येईल. हे मी केलं होतं. दादा म्हणाला, हे बरं आहे, नथूला फोन करून छोटी गाडी सांगतो.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही चला."

"मी काय करू एकटा?"

"माझ्याशेजारी बसा. मला तुमच्याशेजारी बसून जायचंय."

ते बघत राहिले. लहानपणापासून मी कुठल्याही गाडीत त्यांच्यापासून दोन माणसं सोडून बसत आले आहे. दादाच्या ते लक्षातही नसेल, बाबांच्या होतं. त्यांचा चेहरा हळूहळू उघडला आणि मला तो पाहवेना. "खरा म्हणतीस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते आईला म्हणाले, पोरीचा हट्ट हाय, जाऊ का? आई म्हणाली, "जावा. मी ऱ्हाईन." आणि कलंडलेले वाल तिने दोन्ही हातांनी सारखे केले.

शनिवारी सहा वाजता नथू सुमो घेऊन आला. दादाने ठाण्याहून दोन हार आणले होते. अंगणात उभं राहून आईबाबांनी ते एकमेकांना घातले आणि दादाने फोटो काढला, मग एकदा नीट आला नाही म्हणून पुन्हा. बाबांनी नवा शर्ट घातला होता, ते आईजवळ बेताने, हार तिला लागणार नाही इतक्या अंतरावर उभे होते. आईने श्वास रोखला होता. पहिल्यांदा अकरा सेकंद, दुसऱ्यांदा सात. मग तिने भाकऱ्यांचं फडकं माझ्या हातात दिलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि आत गेली. आत्या पुढे चढली आणि पहिल्यापासूनच नथूच्या गाडीला नावं ठेवू लागली. दादा मागच्या बाकावर सामानाबरोबर आडवा झाला. मधल्या सीटवर मी खिडकीशी बसले आणि बाबा माझ्याशेजारी येऊन बसले, आधी थोडं अंतर ठेवून, मग मी सरकले नाही असं पाहून जवळ.

गाडी अजून सुरू व्हायची होती तेव्हा घराच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. बाबांनी तो ऐकला. "बघ," ते मला हळूच म्हणाले, "दिवसाढवळ्या कडी लावते. एकटीला भ्या वाटता तिला." नथूने गिअर टाकला. फाट्यापर्यंत रस्ता खडीचा आहे. प्रत्येक खड्ड्याला बाबांचा खांदा माझ्या खांद्यावर येत होता आणि ते दर वेळी सावरून घेत होते. दुसऱ्या वळणाला त्यांनी सावरणं सोडलं. मी तोंडाने श्वास घेत होते. थोड्या वेळाने तेही त्यांना कळेल असं वाटून मी तोंड मिटलं.

ते माझ्यापलीकडे हात लांबवून म्हणाले, "काच खाली करू का गो?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे."